कुमुदिनीताईंचा मेमो

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले वर्क्स मॅनेजर मा. हेमचंद्र कर्णिकसाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती कुमुदिनीताई आणि कँटीनच्या या हॉलमध्ये दाटीवाटीने बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आत्ताच मानपत्र वाचलं गेलं. त्यात ताईंना 'मितभाषी' म्हटलंय. मितभाषी? ताई बोलत होत्या हो, ऐकत कोण होतं?

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. लसीसाठी पंपावर प्रोटीन शुद्ध करण्याचं काम मोरिवलीच्या हिंदुराव भोईरांकडे होतं. ते शुद्ध आहे की नाही, हे आमच्या लॅबमधलं अल्ट्रासेंट्रिफ्यूज सांगायचं. नमुना एका छोट्या सेलमध्ये भरून मिनिटाला साठ हजार फेऱ्यांनी फिरवायचा आणि फोटो काढायचे. एकच प्रोटीन असेल तर फोटोतल्या आलेखात एकच शिखर दिसतं.

त्या दिवशी ताई रजेवर होत्या. मशीन मी चालवलं. सेल ज्यात बसवून फिरवतात तो रोटर थंड खोलीतून नुकताच काढलेला. मी म्हटलं, "साहेब, तापमान स्थिर व्हायला दोन तास लागतील." तेव्हा लॅबप्रमुख असलेले आजचे आपले अध्यक्ष म्हणाले, "ताई नाहीत म्हणून लॅब बंद ठेवायची का? लावा!" मी लावलं. घाईत सेलवरची रेघ रोटरवरच्या रेघेशी जुळवायचीही राहिली.

फोटोत दोन शिखरं आली. 'भेसळ' असा शेरा बसला आणि हिंदुराव निलंबित झाले. दारात उभे राहून ते मला म्हणाले, "बाय, मी पंपाजवलून हललो पन नाय वो!" मी मान खाली घातली.

सोमवारी ताई आल्या. फिल्म उजेडासमोर धरून त्यांनी विचारलं, "पद्मजा, रेघ जुळवली होतीस?"

त्यांनी फिल्म माझ्यापुढे धरली.

"हे बघ, दुसरं प्रोटीन असतं तर ते प्रत्येक फोटोत आपल्या वेगाने पुढे सरकलं असतं. हे एका फोटोत आहे, पुढच्यात गायब. सेल तिरका बसला की प्रोटीन भिंतीवर आपटतं, तिथला द्रव जड होऊन घसरतो. त्यात रोटर थंड. आतलं सगळं ढवळलं गेलंय. माणसाची नोकरी गेली ती या ढवळण्यामुळे!"

ताई तडक साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "रिपोर्ट वर गेलाय. आता विषय संपला."

विषय संपला? घरी बसलेल्या माणसाचा संपला होता का?

ताईंनी परवानगीची वाट पाहिली नाही. वाट पाहिली ती तापमानाची, पूर्ण दोन तास. भिंग लावून रेघेला रेघ जुळवली. तोच नमुना तीनदा फिरवला. तिन्ही वेळा एकच शिखर, सरळ, स्वच्छ. ते फोटो त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवले.

एकोणीस दिवसांनी हिंदुराव कामावर आले. आदेशात काय लिहिलं होतं? 'सहानुभूतीपूर्वक विचार करून.' निर्दोष हा शब्द कुठेच नाही! आणि ताईंना बक्षीस काय मिळालं? विनापरवाना मशीन वापरल्याबद्दल मेमो. तो आज सहा वर्षांनीही त्यांच्या फाइलमध्ये आहे आणि आपण त्यांना शाल देतोय! शाल खांद्यावर आणि डाग फाइलमध्ये, हा कुठला सन्मान?

रागावू नका साहेब. माझा निम्मा राग माझ्यावरच आहे. सहा वर्षं मी तोंड उघडलं नाही. म्हणून हे पत्र लिहून आणलंय: तो नमुना मी घाईत, रेघ न जुळवता चालवला, हिंदुराव भोईर निर्दोष होते, कुमुदिनीताईंचं म्हणणं बरोबर होतं. खाली माझी सही आहे. शेजारी एका सहीपुरती जागा सोडली आहे, साहेब. पेनही आणलंय.

आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली, त्यांचे आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या एका चुकीची माफी मात्र सभेकडे मागायची नाही. हिंदुराव, तुम्ही मागच्या रांगेत बसला आहात. मी खाली येते.