आपण, आम्ही आणि ती

व्यापारी मंडळाच्या कामातून सवड काढून आलेले सन्माननीय अध्यक्ष, या गाद्यांच्या कारखान्याचे मालक, त्यांच्या शेजारी मघापासून बुटांकडे बघत बसलेले मॅनेजर, समोर बसलेल्या गाद्या शिवणाऱ्या बायका, कापूस भरणारे बापे, आणि मधल्या वाटेत फोन धरून उभी असलेली माझी नात, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

हो, हा निरोपसमारंभ तिचाच आहे. आणि चित्रणही तिलाच करायला लावलंय. स्वतःच्याच लग्नात नवरीला वाढायला उभं करावं, तसं.

मालक मला म्हणाले, "आजी, दोन शब्द बोला, आशीर्वाद द्या. लोकांना म्हातारी माणसं फार आवडतात." कुठल्या लोकांना, ते आता कळलं. हे सगळं या घडीला कारखान्याच्या इंटरनेटवरच्या पानावर दिसतंय म्हणे. बरं झालं. शाळेने मला लवकर सोडलं, पण आवाज देवाने खणखणीत दिलाय.

अध्यक्षसाहेब, तुम्ही नव्या युगावर बोललात. मॅनेजर म्हणाले, पोर फार गुणाची. मग गुणाची पोर का चाललीय? ते कुणीच बोललं नाही. मी सांगते.

मागे एका दुपारी पलीकडच्या रस्त्यावरची इमारत जळाली. माणसं वाचली, घरं गेली. सगळी फुटपाथवर येऊन बसली. त्यांत एक शिवणकाम करणारी बाई होती. तिने आपल्या सासूला दुकानाच्या फळीवर निजवलं होतं, उशाला स्वतःची चप्पल. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि तो गावभर फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कांदा चिरत होते. नातीचे हात कणकेत, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला. पलीकडून मालक.

"तो फळीवरच्या म्हातारीचा फोटो घे. खाली लिही, पाठीला असा त्रास का देता? आजच आमची गादी घरी न्या."

नात म्हणाली, "साहेब, ती माणसं अजून रस्त्यावर आहेत."

"म्हणून तर आज! उद्या कोण बघतंय?"

"लोक शिव्या देतील."

"देऊ देत की. शिव्या देणाराही बघतोच ना? टाक. नाहीतर दुसरी कुणी टाकेल."

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "पोरी, नको." तिने हात धुतले आणि टाकलं. कारखान्याचं पान सांभाळायची नोकरी होती ना! ते बटण तिने दाबलं, हे मी झाकणार नाही.

त्या बाईने खाली लिहिलं, "ही माझी सासू आहे. फोटो काढून टाका." कारखान्याचं उत्तर काय गेलं? "आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत", आणि पुढे एक हसरं तोंड! मॅनेजर म्हणतात, ते यंत्राने आपोआप पाठवलं. मग त्या यंत्रालाही आज बोलवायचं होतं. बसवलं असतं अध्यक्षांच्या मांडीला मांडी लावून.

अहो, माणसाचा फोन म्हणजे त्याचं घर. तो तिथे रडतो, भांडतो, लेकीशी बोलतो. तुम्ही न बोलावता आत शिरता, तर निदान चपला तरी बाहेर काढा. ज्या घरात आग लागलीय तिथे कुणी गादीचा भाव सांगायला जातं का? कुणाच्या आईचा फोटो न विचारता आपल्या दुकानावर लावतं का? समोर येऊन बोलायची ज्याची छाती नाही, त्याने फोनवरही बोलू नये. एवढी साधी रीत. तिला कसलं नवं युग लागतं?

पण माझा खरा राग पुढचा आहे.

मी मालकांचं पान नातीकडून वाचून घेतलं. गादी विकायची असली की त्यात "आपण". आपण सारे एक कुटुंब, आपली झोप, आपलं घर. कौतुक झालं की "आम्ही". आम्ही हे केलं, आम्हाला बक्षीस मिळालं. आणि शिव्या पडायला लागल्या तेव्हा? "हा प्रकार एका कर्मचारी मुलीच्या हातून घडला. तिला कामावरून कमी केले आहे." आपण गेलं, आम्ही गेलं, उरली ती! एकटी!

लोकांनी तिचा फोटो शोधून काढला. आता जिथे काम मागायला जाते तिथे विचारतात, "फळीवरची म्हातारी टाकणारी ती तूच ना?" आणि एकट्या पोरीला का काढलं, असं लोक विचारायला लागल्यावर मालकांनी हा हॉल घेतला. मागे बघा काय लिहिलंय. "आपल्या लाडक्या लेकीला निरोप." लेक! आणि परत "आपल्या"!

ही लेक त्या शिवणकामवालीकडे स्वतः गेली. मी बरोबर होते. ती बाई नातेवाइकांच्या ओट्यावर मशीन मांडून बसली होती. नात म्हणाली, "तो फोटो मी टाकला. माझं चुकलं." बाईने मशीन थांबवलं नाही. शिवता शिवताच म्हणाली, "तू तरी आलीस. टाकायला सांगणारा कुठाय?"

मालक, तेच विचारायला मी इथे उभी आहे. तुमच्याकडे आपण आहे, आम्ही आहे, ती आहे. एक "मी" तेवढा सापडत नाही. इथे या आणि एकच वाक्य बोला, "मी सांगितलं म्हणून तिने टाकलं." मग माझी नात ताठ मानेने दुसरीकडे काम मागेल आणि मी तुमचा चहा पिईन.

हे काय, मालक तिला हाताने खुणा करतायत? फोन बंद कर म्हणून?

पोरी, धरून ठेव. आता तू यांच्या नोकरीत नाहीस.

असो. हॉल दिलात, खुर्ची दिलीत, सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. माईक चालूच ठेवून जाते, मालकांना लागेल. आणि बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा करा. नाही केलीत, तर दोष माझ्या नावावर लिहा. हे सगळं मी बोलले. मी. एका कर्मचारी मुलीच्या हातून घडलं, असं लिहू नका.