चौकशीचा चहा

इंदूबाई : …आन् मी त्या पोलिसाला आलं घालून चहा दिला, गं. कपबशी चांगली काढली. आत उभी राहून दूध उतू जाऊ दिलं नाय. आन् बाहेर पडवीत काय चाललं होतं? असं वागणं मी ढोरात पण बघितलं नाय.

समीक्षा : आई, आधी पाणी प्या. कर्जतवरून आलात ते तशाच पायरीवर बसलात. चौकीत नक्की काय झालं?

इंदूबाई : वालाचं बिरडं कितीसं सोलून झालं?

समीक्षा : अर्धं झालं. तुम्ही सांगा, मी सोलते.

इंदूबाई : बघ, तू लंकेला जाऊ नको असं पयल्या दिवशी मीच बोलले. तीन महिने तू तिथल्या पोरींना कबड्डी शिकवणार, आन् तिथली बाई इथं येऊन तुझ्या शाळेत चेंडूचा खेळ शिकवणार. मी म्हणलं, हे काय बायकांचं साटंलोटं लावलंय का?

समीक्षा : म्हणालात. त्यावर मी पण बोलले तुम्हाला.

इंदूबाई : बोललीस. दोन दिवस मी तुझ्या हातचं जेवले नाय. ते आपलं भांडण, ते ऱ्हाऊ दे. पण पासपोर्टाच्या कागदावर पोलिसानं लिवलं का ही बाई या घरात राहतच नाय, ते मला सोसंना. माझी सून माझ्या घरात राहत नाय? मग सकाळी माझ्याशी कोन भांडतं? तेवढ्यासाठी गेले मी.

समीक्षा : मला सांगून तरी जायचं. मी आले असते.

इंदूबाई : तू साहेब साहेब करत बसली असतीस. मी शिरले ती त्याच्या टेबलासमोर उभी ऱ्हायले. बोलले, माझा चहा गोड लागला आन् लिवताना हात कडू झाला व्हय रं? सगळी चौकी ऐकत होती. खोटारडा बोलले, फुकट्या बोलले. मग उठून त्यानं मला खुर्ची दिली. शिव्या खाऊन खुर्ची कोन देतं?

समीक्षा : मग?

इंदूबाई : हळूच बोलला. आजी, मी दारात विचारलं तेच लिहिलं. तुमच्या मुलानं सांगितलं का ती इथं नसते, वर्षभर माहेरी हाय, खालापूरला.

समीक्षा : कोणत्या मुलानं?

इंदूबाई : मला एकच हाय, गं.

समीक्षा : ह्यांनी?

इंदूबाई : हात नको थांबवू. नायतर थांबव. मला काय कळंना झालंय.

समीक्षा : फोटो काढायला तेच घेऊन गेले होते मला. फोटोवाला म्हणाला, कान दिसले पाहिजेत. तर ह्यांनी स्वतः माझे केस कानामागे केले. झेरॉक्स त्यांनी काढल्या. तिकडच्या शाळेचं निमंत्रण आलं तेव्हा स्टेटसला त्यांनी टाकलं, मी नाही. आई, ह्या महिन्यात पासपोर्ट नाही आला तर तिकडची शाळा पनवेलच्या बाईला बोलावणार आहे. ते पण त्यांना माहीत होतं. मीच सांगितलं होतं.

इंदूबाई : माहीत होतं म्हणून तर.

(फटफटी अंगणात येऊन बंद होते. ऋषिकेश आत येतो.)

ऋषिकेश : काय गं आई, आज पायरीवर मीटिंग? समीक्षा, त्या पासपोर्टचं काही टेन्शन घेऊ नको. मी बोलतो कुणाशी तरी. सिस्टीमच बेकार आहे आपल्याकडे.

इंदूबाई : मी चौकीतून आले, ऋषी.

ऋषिकेश : कुठल्या चौकीतून?

इंदूबाई : जिथं तुझं बोलणं लिवून ठेवलंय तिथून.

ऋषिकेश : …त्याचा काहीतरी गैरसमज झाला असेल. मी म्हणालो, ती अधूनमधून माहेरी असते.

समीक्षा : खरं सांगा.

ऋषिकेश : अगं, मला तुला नाही म्हणायचं नव्हतं. तुला वाईट वाटलं असतं. मला वाटलं, कागदावरच अडलं तर कुणाचं मन मोडणार नाही.

समीक्षा : माझं मोडलंच असतं. फक्त कुणी मोडलं ते मला कळलं नसतं.

ऋषिकेश : रिसॉर्टवर कामावरची पोरं काय बोलतात तुम्हाला माहितीये? बायको लंकेला चालली, आता तू शेपूट लावून घे.

इंदूबाई : लावायची कशाला? हायच की. दोन पायांत घालून बसलायस.

ऋषिकेश : आई, तू स्वतः तिला जाऊ नको म्हणालीस. घर डोक्यावर घेतलंस. आणि आता मलाच बोलतेस?

इंदूबाई : मी म्हणले. तोंडावर म्हणले. तिनं मला उलट उत्तर दिलं आन् मी ऐकून घेतलं. तू काय केलंस? सोमवारी ती शाळेत गेलेली असताना पोलिसाला सांगितलंस बायको घरात नसते. आन् शनिवारी शाळेत सरपंचाच्या हातून शाल घेतलीस, बायकोच्या पाठीशी उभा राहणारा नवरा म्हणून. माईक हातात घेऊन बोललास पण. मी पयल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या, रं. हे हात मला आता धुवावेसे वाटतात.

ऋषिकेश : मी उद्या जाऊन सांगतो त्याला. माझी चूक झाली म्हणतो.

इंदूबाई : तू काय सांगू नको. मी सांगून आले. माझा पोरगा खोटं बोलला, असं सगळ्या चौकीसमोर बोलले. आयुष्यात असं वाक्य माझ्या तोंडून गेलं नव्हतं. समीक्षा, तू पासपोर्टवाल्यांकडं परत अर्ज टाक. चौकशीचा कागद आला का त्याच दिवशी येतो बोललाय तो. समोरचा हिरामण आन् गोदा साक्षीला बसतील, मी येतानाच सांगितलंय दोघांना.

समीक्षा : आई, म्हणजे मी जाऊ?

इंदूबाई : जाऊ नको असंच माझं म्हणणं हाय. पण ते तुझं तू बघ. दारात आडवं पडायचं तर मी पडंन, भिंतीच्या आडून पाय नाय घालायची.

ऋषिकेश : आई, गावात आता मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस तू. तो पोलीस घरी येईल तेव्हा मी करू तरी काय?

इंदूबाई : आत चूल हाय, चहा ठेव. आलं घाल. पडवीत मी आन् ती बसू. घराच्या वतीनं बोलायला बाहेर बसायचा माणूस तू नव्हंस.