भास्करराव वाचायला शिकले

मंडळी, ऐका! नामाचा महिमा गाऊन झाला, आता गोष्टीकडे वळू. तबलेवाले, हात जरा विसावू देत. खांबाला टेकलेले काका — टेका, हरकत नाही, फक्त घोरू नका म्हणजे झालं! आख्यानाआधी एक प्रश्न टाकतो. उत्तर मनातल्या मनात द्या. मोठ्यानं दिलंत तर घरी भांडणं होतील!

शेजारणीनं दारात रांगोळी काढली. आपल्यापेक्षा सुबक निघाली. आपण काय म्हणतो? "छाप्याची असणार!" — म्हणतो की नाही? बायका हसताहेत, म्हणजे म्हणतो! पुरुषांनी हसू नये. शेजाऱ्याच्या पोराला नोकरी लागली की "वशिला असणार" हे कोण म्हणतं? तर प्रश्न असा — दुसऱ्याच्या हातून आपल्यापेक्षा चांगलं काम झालं, तर त्या कामाशी आपण वागावं कसं? नाक मुरडावं? की उचलून आपल्या दारात आणावं? की तिसरंच काही? मी सांगत नाही. भास्करराव नरवाडकर सांगतील.

कोण हे भास्करराव? पुराणात शोधू नका, सापडणार नाहीत. हे मिरजेचे. शाळेत मराठी शिकवायचे, निवृत्त झाले, आणि — लेखक! कादंबऱ्या लिहायचे. छापूनही यायच्या. शेवटपर्यंत वाचणारा अजून कोणी भेटलेला नव्हता, पण शोध चालू होता! लग्न केलं नाही. राहायचे थोरल्या भावाकडे, खानावळीच्या माडीवर.

थोरला भाऊ रंगनाथ. सगळे रंगूअण्णा म्हणायचे. दवाखान्यांच्या गल्लीत त्यांची खानावळ. मिरजेत दवाखाने काय थोडे आहेत? पेशंट आत, नातेवाईक बाहेर — आणि नातेवाइकाला भूक लागते हो! कितीही काळजी असली तरी लागते. ती भूक रंगूअण्णा आणि त्यांच्या पत्नी यमुनावहिनी भागवायचे. माडीवर भास्करराव साहित्यसेवा करायचे. खालून भरलेलं ताट वर जायचं, वरून रिकामं खाली यायचं. असं आयुष्यभर चाललं.

मग रंगूअण्णा आजारी पडले आणि गेले. भास्कररावांनी वहिनींना शब्द दिला — "वहिनी, मी अण्णावर कादंबरी लिहितो. नावसुद्धा बदलणार नाही. रंगनाथ नरवाडकर म्हणूनच लिहितो. माणूस गेला तरी पुस्तकात राहील!"

वहिनींना मूलबाळ नाही. खानावळ ओढत होत्या, पण दमल्या होत्या. सगळं बंद करून हुबळीला बहिणीकडे जायचं ठरत होतं. घरात नवऱ्याचा फोटो एकच, तोही लग्नातला — फेटा मोठा, माणूस बारीक! तेव्हा हे पुस्तक त्यांना हवं होतं. सोबत न्यायला. दुसरं न्यायचं होतं काय?

भास्कररावांनी लिहिलं. मन लावून लिहिलं हो, कष्टात खोट नव्हती! एका दुपारी, खानावळ आवरल्यावर, वाचून दाखवायला बसले. वहिनी गवार मोडत होत्या.

"'रंगनाथ हा त्यागाचं धगधगतं यज्ञकुंड होता!'" भास्कररावांनी सूर लावला. "'त्याच्या विशाल अंतःकरणाच्या गाभाऱ्यात करुणेची समई अखंड तेवत होती...'"

यज्ञकुंड झालं, समई झाली, पुढं वटवृक्ष आला, दीपस्तंभ आला. वहिनींची गवार मोडून झाली. त्यांनी विचारलं, "भावजी, हे कुणाबद्दल चाललंय?"

"अण्णाबद्दल!"

वहिनींनी मोडलेली गवार बाजूला सारली. मग अगदी हळू म्हणाल्या, "पुस्तक छापा, भावजी. तुम्ही कष्ट घेतलेत. पण ह्यांचं नाव तेवढं त्यातनं काढून टाका."

घ्या! शिवी दिली असती तर परवडली असती! एखाद्या समीक्षकानं हे म्हटलं असतं तर भास्कररावांनी त्याला उत्तर लिहिलं असतं — लांबलचक! पण वहिनींना काय उत्तर देणार? भास्कररावांना माडीचा जिना चढवेना. ज्या भावानं आयुष्यभर जेवू घातलं, त्याच्या बायकोला पुस्तकात तो भाऊच दिसला नाही. आणि बाई तर हुबळीला निघाल्या!

दुसऱ्या दिवशी भास्करराव वाचनालयात जाऊन नुसतेच बसले. ग्रंथपाल बागवानबाई जुन्या ओळखीच्या. त्यांनी कपाटातून एक पुस्तक काढून पुढ्यात ठेवलं. "सर, सुलभा तारदाळेंची नवी कादंबरी. वाचलीत?"

"मी समकालीन वाचत नाही," भास्करराव म्हणाले. "प्रभाव पडतो."

मंडळी, हे वाक्य नीट ऐका! हा रोग लेखकांनाच होतो. गवई दुसऱ्याचं गाणं ऐकायला जातो. पैलवान दुसऱ्याची कुस्ती बघायला गाव ओलांडून जातो. लेखक तेवढा डोळे मिटून बसतो — प्रभाव पडेल म्हणून! आणि आम्ही कीर्तनकार? आम्ही जातो हो दुसऱ्याच्या कीर्तनाला! मागं बसतो, आणि त्याच्या चुका काढतो. पेटीवाले, तुम्ही हसू नका, तुम्ही माझ्या शेजारीच असता!

बागवानबाई तोंडाच्या स्पष्ट. म्हणाल्या, "सर, तुमच्यावर थोडा पडला तरी चालेल."

पुस्तक घरी आलं. नाव सांगत नाही, नाहीतर आत्ताच मोबाइल काढाल! तारदाळेबाई इचलकरंजीच्या, यंत्रमागवाल्याची लेक, वयानं भास्कररावांच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. गोष्टही तसल्याच एका घराची. भास्कररावांनी वाचायला घेतली ती हातात पेन्सिल धरून — खुणा करायला! हा शब्द गावंढळ. हे वाक्य मोडकं. वर्णन तर नाहीच कुठं! वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत हे त्यांनी पोरांना जन्मभर शिकवलं होतं, ते असो.

आणि एका पानावर पेन्सिल थांबली. काय होतं तिथं? मागवाल्याची बायको पीठ चाळत बसलीय. शेजारी दारात येतो. थोरला मुलगा अपघातात गेल्याची बातमी सांगतो. ती ऐकते. चाळत राहते. शेजारी थोडा वेळ उभा राहतो, आणि निघून जातो. संपलं प्रकरण!

भास्कररावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि त्यांना राग आला! "मी रडतोय कशाला? इथं रडण्यासारखं लिहिलंय काय?" पान पुन्हा वाचलं. 'दुःख' हा शब्द नाही. 'हुंदका' नाही. 'आभाळ कोसळलं' नाही. भास्कररावांकडे हे सगळे शब्द भरपूर होते, आणि त्यांच्या पुस्तकात कोणी रडत नव्हतं. इथं एकही नाही, आणि स्वतः भास्करराव रडताहेत! पोटात दुखलं हो. पण त्या दुखण्यातच त्यांचं भलं होतं.

मग त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा धरलं. आता कसं? पोथीचं पारायण आपण करतो तसं नव्हे! आपलं पारायण म्हणजे एक डोळा ओवीवर, एक डोळा राहिलेल्या पानांवर — आज संपतंय ना? तसं नाही. अडेल तिथं थांबायचं, मागं जायचं. आणि सापडलं! ही आई सबंध पुस्तकभर, दारात आलेल्या प्रत्येक माणसाला एकच विचारते — "जेवलास का?" विजेचं बिल घेऊन आलेल्याला विचारते. नवऱ्याशी भांडायला आलेल्यालाही, आधी "जेवलास का?" वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, इतकं सहज. आणि मुलाची बातमी घेऊन आलेल्या शेजाऱ्याला — ती विचारत नाही! त्या एका न विचारण्यानं वाचणाऱ्याचं काळीज फाटतं.

"अस्सं आहे काय!" भास्करराव उठून फेऱ्या मारायला लागले. कळलं म्हणाले, मर्म कळलं! आता काय केलं असेल त्यांनी? सांगा! अहो, उचललं! सरळ उचललं! यज्ञकुंड विझवलं, समई काढली, आणि रंगूअण्णांच्या तोंडी घातलं — आल्यागेल्याला, मायेनं, "जेवलास का?"

वहिनींना ऐकवलं. वहिनी हसल्या! बऱ्याच दिवसांनी हसल्या, पण भलत्याच ठिकाणी. "अहो भावजी, खानावळवाला असं दारात विचारत सुटला असता तर आपणच उपाशी मेलो असतो! हे तुमचे अण्णा नव्हेत, कुणाची तरी आई आहे ही."

बरोबरच होतं. कुणाची तरी आईच होती ती! तारदाळेबाईंनी पाहिलेली. भास्करराव माडीवर आले आणि मग त्यांना खरी लाज वाटली. परक्या बाईनं लिहिलेल्या आईचं रोजचं वाक्य आपल्याला पाठ झालं. आणि सख्खा भाऊ? त्याच्या घरचं जन्मभर जेवलो, तो रोज काय बोलायचा हे सांगता येत नाही! कादंबरीकार म्हणे!

म्हणून त्यांनी तेच पुस्तक तिसऱ्यांदा उघडलं. आता पेन्सिल नाही. आता प्रत्येक पानाला एकच विचारायचं — "बाई, हे लिहिण्याआधी तू कुठं उभी होतीस? काय बघत होतीस?" एक युक्तीही काढली. संवाद आला की पुढची ओळ पोस्टकार्डानं झाकायची, आणि हा माणूस आता काय बोलेल ते आपण सांगायचं. मग कार्ड सरकवायचं. मंडळी, दर वेळी भास्कररावांचं वाक्य देखणं असायचं, आणि तारदाळेबाईंचं खरं! असं हरत हरत ते वाचत राहिले. हरलेल्यानं रोज पुन्हा डावावर बसणं सोपं नसतं, माणसाचा अहंकार त्याला उठवतो. हे बसले.

आणि एकदा काय झालं — मागवाला जेवायला बसलाय, बायको वाढतेय, पुढची ओळ कार्डाखाली. भास्करराव विचार करताहेत, हा काय बोलेल... आणि कानात आवाज आला. मागवाल्याचा नाही. अण्णांचा! खालच्या मजल्यावरून!

"मीठ कमी आहे!"

रोज! रंगूअण्णा गिऱ्हाईक संपत आलं की जेवायला बसायचे, आणि पहिला घास तोंडात गेला की ओरडायचे — "मीठ कमी आहे!" आतून वहिनींचा आवाज — "जीभ धुऊन या!" मीठ कमी नसायचंच कधी. पण ते ऐकून, पेशंटच्या काळजीनं सुकलेली, उशिरा जेवायला आलेली माणसं ताटावर बसल्या बसल्या खुदकन हसायची. आणि भास्करराव काय करायचे? साहित्यसेवेत व्यत्यय येतो म्हणून माडीची खिडकी लावून घ्यायचे!

एवढं आठवलं, आणि त्यामागून दुसरं आलं. अण्णांचे शेवटचे दिवस. वहिनी दवाखान्यात डबा घेऊन आल्या. भास्करराव कोपऱ्यात स्टुलावर बसून आपल्या आधीच्या कादंबरीची मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीची पानं, तपासत होते. अण्णांनी एक घास घेतला, आणि बारीक आवाजात म्हणाले, "छान झालंय." वहिनी उठून बाहेर गेल्या आणि भिंतीशी उभ्या राहून रडल्या. तेव्हा भास्कररावांना वाटलं होतं, नवऱ्यानं कौतुक केलं म्हणून रडताहेत! पहिल्या खर्ड्यात तसं लिहिलंही होतं — 'आनंदाश्रूंची मौक्तिकमाला!' डोळ्यांसमोर घडलं हो. आणि वाचता आलं नव्हतं!

आता लिहिलं. रोजचं भांडण लिहिलं, आणि मग तो डबा लिहिला. बाकी काही नाही. पुन्हा एक दुपार, पुन्हा वहिनींसमोर बसले. वहिनी तांदूळ निवडत होत्या. भास्कररावांनी या वेळी सूर लावला नाही, साधंच वाचलं.

"'रंगनाथनं पहिला घास घेतला आणि आत बघून ओरडला, मीठ कमी आहे!'"

"जीभ धुऊन या!" वहिनी म्हणाल्या. वर न बघता, तांदूळ निवडता निवडता. पुढची ओळ अजून वाचायची होती! भास्कररावांनी ती वाचली नाही, गरज नव्हती. ते पुढं दवाखान्यापर्यंत आले. डबा उघडला. घास घेतला. "'छान झालंय.'" आणि थांबले, कारण लिहिलेलं तिथं संपत होतं.

वहिनींचा हात ताटात तसाच राहिला. त्या बोलल्या, पण भास्कररावांशी नाही. भिंतीकडच्या बाकड्याकडे बघून बोलल्या, जिथं अण्णा जेवायला बसायचे.

"अहो, त्या दिवशी मीठ घालायचंच राहिलं होतं हो! घरी येऊन उरलेली भाजी तोंडात घातली तेव्हा कळलं मला. अळणी होती नुसती. जन्मभर खोटं ओरडलात, आणि खरंच कमी होतं तेव्हा ओरडायला काय झालं होतं तुम्हाला?"

हे भास्कररावांनाही ठाऊक नव्हतं!  लेखक माणूस, पण त्यावर एकही उपमा काढली नाही — एवढं तरी शिकले होते. कागद खाली ठेवून त्यांनी विचारलं, "वहिनी, पुस्तकातलं नाव... काढू?"

"काढता कशाला?" वहिनी पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "असलं वागणारं दुसरं कोण आहे? आणि मीठ खरंच नव्हतं, तेही लिहा. माझी चूक आहे, असू दे."

मंडळी, आख्यान इथं थांबलं. प्रश्नाचं उत्तर मिळालं? दुसऱ्याच्या चांगल्या कामावर नाक मुरडून भास्कररावांना काही मिळालं नाही. उचलून आणलं, तर कुणाची तरी आई घरात आली! जवळ बसून, हरत हरत, ते काम झालं कसं हे बघितलं, तेव्हा मात्र त्यांना आपलाच भाऊ दिसला. तारदाळेबाईंनी त्यांना वाक्य दिलं नाही. डोळा दिला.

आता तुमच्याकडे वळतो. चुळबुळ करू नका, प्रसाद कुठं पळत नाही! तुमच्या घरातलं माणूस रोज एकच काहीतरी बोलतं. तुम्हाला त्याचा कंटाळा येतो. ते वाक्य कुठलं? सांगा! ...बघा, एवढ्या मोठ्या सभेत हात वर झाले ते किती थोडे! भास्कररावांना ते वाक्य भाऊ गेल्यावर सापडलं, आणि आपण त्यांना हसलो. तुमचं माणूस आत्ता तुमच्या शेजारी बसलंय, किंवा घरी वाट बघतंय. आज गेल्या गेल्या ते बोलेल. त्याला मध्येच तोडू नका. विठ्ठल, विठ्ठल! उठा, आरती घ्या.