कानाचा काप

गोरेगाव या खेड्यातून हिंगोलीला निघालेल्या जीपमध्ये मेंढपाळ संपतराव लेकीचं नाव कॉम्प्युटर क्लासमधून काढून टाकायला चालला होता. अंजलीच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता. शेजारी दाटीनं बसलेल्या सिंधूबाईच्या कानावर सारं पडत होतं.

"आबा, एकदा बघा तरी. मी घडवलंय हे जनावर."

"सहा पायाचं? असलं कुठं असतंय?"

"कुठंच न्हाई. म्हणून तर घडवायचं."

"मंग बसल्यावर उठतंय कसं?"

"पुढचे पाय टेकून."

"मेंढरू आधी मागून उठतंय, अंजले. याच्या मांड्यात जीवच न्हाई."

"थांबा, मांड्या भरते. आता?"

"आता उठंल."

ऐकण्याच्या नादात सिंधूबाईचा उतरायचा फाटा कधीच मागे पडला होता.

"कानाला आपला काप काहून न्हाई? दुसऱ्याच्या कळपात गेलं तर वळखायचं कसं?"

"अन् आबा, नाव काढायचं?"

"ते राहू दे. आधी कान काप."