कृष्णकंबलाची घोंगडी

नाही, पण मी म्हणतो, घोंगडी काढायची काही गरज होती का? चांगली अंगावर होती, माणूस उडत होता, दरोडेखोर पळत होते, राहुरीची माणसं खूश होती... कुणाचं काय खात होती ती घोंगडी? आता तुम्ही म्हणाल, कसली घोंगडी, कोण उडत होता... थांबा की जरा! तुम्हाला सांगतो, लढाईची सालं होती ती. नगरहून एक साप्ताहिक निघायचं, आणि त्याच्या शेवटच्या पानावर चित्रकथा असायची, 'महापराक्रमी कृष्णकंबल'! हे नाव छापणाऱ्यांनी ठेवलेलं. राहुरीत कृष्णकंबल म्हणायला कुणाची जीभ वळतेय? सरळ 'घोंगडीवाला'! काळीभोर घोंगडी डोक्यावरून घेतलेली, तोंड सगळं अंधारात, नुसते दोन डोळे चमकायचे... घोंगडी पसरली की गडी आभाळात! झाडा गोळ्या, किती झाडायच्या तेवढ्या झाडा, सगळ्या घोंगडीत रुतायच्या, आणि मग तो ती अशी... अश्शी झटकायचा, की चिंचोके सांडावेत तशा गोळ्या खाली!

आणि हे वाचायचं कोण? तर महमूद शिंपी. पेठेत दुकान, मागं एक खोली. बायको जहिरा, ती जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आठवडाभर बोलायला कोण, तर शिवणाचं मशीन, आणि ते तरी काय बोलणार... खडखड, खडखड! पण बाजाराच्या दिवशी गाडीनं साप्ताहिक आलं, की दुकानात पाय ठेवायला जागा नाही बघा. श्रीमंत पैलवान, घाणेवाला गोरक्षनाथ, भाजीवाली साळूबाई, आणि ज्यांना काहीही शिवायचं नाही अशी निम्मी राहुरी! महमूद वाचायचा, बंदुकीचे आवाज काढायचा, दरोडेखोराचं हसू हसायचा, चित्र फिरवून सगळ्यांना दाखवायचा, आणि 'मंग? मंग फुडं?' म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडं बघायचे. आपल्या तोंडाकडं कुणी बघावं, एवढंच तर लागतं हो माणसाला... जाऊ द्या.

तर झालं काय, एका बाजाराला महमूदनं पान उलटलं, आणि दाराच्या उजेडात नेऊन परत बघितलं. पहिल्याच चित्रात घोंगडीवाल्यानं घोंगडी काढून खुंटीला टांगलेली! खाली लिहिलेलं, 'आजपासून मी असाच संचार करीन.' असाच म्हणजे कसा? पांढरा कोट, उघडं डोकं, आणि तोंड... तोंड दिसत होतं हो! लांबोडकं, गाल बसलेले, एखाद्या मामलेदार कचेरीतल्या कारकुनासारखं!

मग काय विचारता! श्रीमंत पैलवान उठूनच उभा राहिला. "ह्यो? ह्यो उडनार? आवो, फुंकर मारली तर पडंल ह्यो!" गोरक्षनाथ म्हणतो, "इंग्रजानं फितवला त्याला. कोट कुनी दिला? इचारा की, कोट कुनी दिला!" तिसरा म्हणतो हा खरा नव्हेच, खरा गुहेत बांधून ठेवलाय. अहो, एवढा दंगा तर रेशनच्या दुकानात साखर संपल्यावर झाला नव्हता! आणि मी म्हणतो, होणारच. कारण तोंड दिसत नव्हतं तोवर जो तो आपल्याला हवं ते तोंड तिथं बसवत होता. श्रीमंताला त्याचा वस्ताद दिसायचा. गोरक्षनाथाला... गोरक्षनाथाला तो स्वतःच दिसायचा, छाती फुगायची त्याची!

फक्त साळूबाई काही बोलली नाही. तिचा एकुलता एक मुलगा, कानिफनाथ, फौजेत गेलेला, ब्रह्मदेशाच्या बाजूला कुठंतरी, आणि पावसाळ्यापासून त्याचं पत्र नाही. ती म्हातारी पहिल्या दिवसापासून त्या दोन डोळ्यांकडं बघत बसायची, कधी कुणाला का म्हणून बोलली नाही, पण महमूदला कळायचं. त्या दिवशी तिनं चित्र हातात घेतलं, नीट बघितलं, परत दिलं. "ह्यो न्हाई," एवढंच म्हणाली, आणि पाटी उचलून निघाली.

पुढच्या बाजाराला साळूबाई दुकानात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पार टोकाला, गुरांच्या बाजाराशी जाऊन बसायला लागली. बाकीचे दोनदा आले, कोटाला शिव्या दिल्या, मग तेही येईनात. गावाबाहेर सिनेमाचा तंबू लागला होता, तिकडं गेले. राहिलं कोण? महमूद आणि मशीन. खडखड, खडखड! आता सांगा, घोंगडी काढायची काही गरज होती का?

महमूदनं दुकानाला कुलूप घातलं आणि गाडी धरून तडक नगर गाठलं. वाटभर भाषण पाठ करत गेला, डब्यातली माणसं बाजूला सरकून बसली! छापखान्यात विचारलं, घोंगडीवाला कोण काढतो? तर मागच्या बोळातल्या एका खोलीकडं बोट दाखवलं. दार ढकललं, आणि तुम्हाला सांगतो, महमूदचं भाषण तिथंच संपलं. समोर कोण? तोच! तेच लांबोडकं तोंड, तेच बसलेले गाल, हातात कुंचला!

"तुमी... तुमी हायेत व्हय घोंगडीवाले?"

तो माणूस दचकला. गहिनीनाथ त्याचं नाव. बिचारा म्हणाला, "बसा ना. माझ्याकडे कुणी येत नाही." एकुलती एक खुर्ची पुसून महमूदला दिली, स्वतः खिडकीत टेकला. महमूदनं सगळं सांगितलं, श्रीमंताचं, गोरक्षनाथाचं, साळूबाईचं. गहिनीनाथ खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "शाई मिळत नाही हो. लढाई आहे ना. मालक म्हणाले, ही काळी घोंगडी सगळी शाई पिते, काढून टाका."

घ्या! तिकडं इंग्रजानं फितवला म्हणून राहुरी पेटलेली, आणि इथं कारण काय, तर शाई!

"बरं, पन त्वांड? त्वांड आसलं का काढलं?"

"घोंगडीखाली कोण आहे, ते मलाच कधी माहीत नव्हतं," गहिनीनाथ म्हणाला. "समोर आरसा होता."

आता अशा माणसाशी भांडणार कसं? महमूद मुकाट गाडीत बसला. पण राहुरी जवळ आली तसं त्याला ते रिकामं दुकान दिसायला लागलं, आणि त्यानं काय करावं? पुढच्या बाजाराला गावभर सांगत सुटला, "आली! घोंगडी परत आली!" साळूबाईला तर गुरांच्या बाजारात जाऊन सांगून आला.

सगळे आले हो! दुकान गच्च! महमूदनं पान छातीशी धरलं, चित्र आत, आणि लागला वाचायला. छापलंय काय, हा वाचतोय काय... "घोंगडी पसरली! आभाळ काळं झालं!" रंगात आला, घाम फुटला, गोरक्षनाथाची छाती फुगायला लागली... तेवढ्यात श्रीमंत म्हणाला, "दाव की चित्तर." महमूद म्हणाला, मंग दावतो. श्रीमंतानं पान ओढलं.

पांढरा कोट.

"खोटं वाचतो व्हय रं, महमूद?" आणि मग जी माणसं उठली, ती कुणी तंबूकडं, कुणी घाण्याकडं, दुकान घटकेत मोकळं. पान जमिनीवर. महमूद मान वर करेना.

वर केली तेव्हा साळूबाई तिथंच बसलेली. पान उचलून मांडीवर पसरलं होतं, आणि कोटवाल्याच्या तोंडाकडं बघत होती.

"मावशी, चुकलं माझं. घोंगडी आली न्हाई."

"मला वाचता येत न्हाई, महमूदभाई, बघता येतं. तुमी पान छातीशी धरलं तवाच कळलं." मग त्या चित्रावरून बोट फिरवत म्हणाली, "ह्यो माझा न्हाई. पर कुनाचा तरी आसंलच की. लई वाळलाय. ह्याला घरी कोन हाय का न्हाई?"

"कोन न्हाई. एका खोलीत ऱ्हातो. एकलाच."

"मंग ह्याला जेवायचं कोन इचारतं?"

साळूबाईनं पानाची घडी घातली, मशीनवर ठेवली, पाटी डोक्यावर घेतली, आणि उंबऱ्यात वळून म्हणाली, "आन् तुमी? तुमी जेवला का?"

तुम्हाला सांगतो, जहिरा गेल्यापासून हे महमूदला कुणी विचारलं नव्हतं! आणि सकाळपासून पोटात पाण्याचा घोट नव्हता त्याच्या! आणि त्या शहाण्यानं काय उत्तर द्यावं?

"जेवलो की, मावशी."

साळूबाई म्हणाली, "बरं." आणि गेली. काय करणार... एकट्या माणसाला सवयच असते हो, असं म्हणायची!