चांदीच्या कॅमेऱ्याची झाक

नाही जी काका, विकायले नाही आणले — विकायचे असते तर साहिलचे पप्पा स्वतःच आले असते ना, मले कायले पाठवतील — तुम्ही फक्त दोन्ही हातात घेऊन पाहा अन् सांगा. हा काळा, अन् हा चांदीवाला. वळखलं ना मले? उमरेडच्या अभिजीतची बायको — बसस्टँडसमोर फोटो स्टुडिओ हाय तो — दरसाल पावसाळा संपला का दोन्ही कॅमेरे साफ करायले तुमच्याकडेच तं आणतात. हा चांदीवाला तुमच्याच दुकानातून नेला होता, सेकंडहँड, दीड वर्ष झालं. मी होती सोबत, त्या खुर्चीवर बसली होती, तुम्ही पाणी देल्लं होतं मले — पोट दिसत होतं तेव्हा. हो, हाच तो पोटातला. साहिल. चौदा महिन्याचा झाला. काचेवर हात नको मारू रे बाप्पा, मारोतराव काका ओरडन — नाही ओरडत? पाहा कसा हासते लबाड.

आता काळा पाहा. आठ वर्षाचा हाय, माह्या लग्नाच्याही आधीचा. कोपरे पाहा त्याचे, सगळे घासून पांढरे झाले — पट्टा जिथं घासते तिथं, अन् अंगठा जिथं बसते तिथं. रबर दोनदा चिकटवलं. पण एकदा मांडवाच्या बल्लीवर जोरानं आपटला तरी काहीच नाही झालं त्याले, दुसऱ्या मिनिटाले वरमाळेचे फोटो काढले त्यानंच. अन् चांदीवाला? दिसायले नवाच दिसते, खरोचा पडला तरी समजत नाही, पण त्याच्या फटीत हळद बसली — नवरीची हळद — ते पिवळं काही केल्या निघत नाही. मी एकदा दाताच्या ब्रशनं घासून राहिली होती तर हे असे ओरडले माह्यावर! एक मात्र हाय, मे महिन्यात काळा असा तापते का गालाले लावला का चटका बसते, चांदीवाला तेवढा नाही तापत. म्हून उन्हाळ्यातल्या लग्नाले चांदीवाला न्यायचा — मले कसं माहीत? अजी, मी लाइट धरत होती ना यांच्यासोबत. शाळा सातवीपर्यंतच झाली माही, पण लाइट धरून धरून माणसाले एवढं तं समजते. साहिल झाल्यापासून बंद हाय ते.

टिकायले काळा चांगला म्हणता? बरं. रंग गेला तरी अंदरचं काम चांगलं चालते. बरं हाय. पण मले एक सांगा काका — हा काळा रंग वरचाच असते का जी? घासला का खालून पांढरंच निघते? म्हणजे अंदरून सगळे पांढरेच? ... नाही नाही, असंच विचारलं. मले तं ते चमकायचं विचारायचं होतं. चांदीवाला चमकते — हे तं खरं हाय ना? किती चमकते? म्हणजे समोरच्यावर त्याची झाक पडते का?

पडते जी! म्या डोळ्यानं पाह्यली. मागच्या दिवाळीले आमच्या इथल्या भांडेवाल्यानं फोटो काढायले बोलावलं होतं, पत्रक छापायचं होतं त्याले, मीही लेकराले घेऊन गेली होती. पाण्याचे गुंड, ताटं, डबे, सगळं नवं स्टील. तं प्रत्येक गुंडाच्या पोटावर हा चांदीवाला दिसून राहिला — एवढासा पांढरा गोल डाग. भांडेवाला म्हणते, माह्या गुंडाले पोचा हाय का? यांनी काळी टेप आणली अन् कॅमेऱ्याले पुरा गुंडाळून टाकला, मंग डाग गेला. घरी आल्यावर मले सांगतलं — चमकत्या वस्तूसमोर काळा कॅमेरा न्यायचा, चांदीचा नाही. हे तुम्हालेही माहीत असन, तुम्ही तं यांचे गुरूच ना. मंग मले सांगा — स्टीलवर पडते, तं डोळ्यावर कशी नाही पडन? डोळाही चमकतेच. अन् लेकराचा डोळा तं ओलाच असते नेहमी. पडू शकते ना? तुम्ही फक्त हो म्हणा, बाकी मी पाहून घेते.

थांबा, दाखवते. ह्या चांदीवाल्यातच हाय तो फोटो. हा पाहा — पहिल्या वाढदिवसाचा. केकच्या मागं बसला हाय, डोक्यावर टोपी. इकडचा डोळा लाल आला — लाल तं सगळ्यायचेच येतात फ्लॅशनं, ते पुसायचं बटणच असते कॉम्प्युटरमध्ये. पण हा दुसरा. हा पांढरा. अंधारात गाडीचा उजेड पडला का मांजराचा डोळा कसा दिसते, तसा. चांदीवाल्यानंच काढला हाय हा, खरंच. आमच्या स्टुडिओत याच वाढदिवसाचा मोठा फोटो लावला हाय दारापाशी, त्यात दोन्ही डोळे काळे कुळकुळीत. गिऱ्हाईक म्हणतात, काय डोळे हायेत वं बाई तुह्या पोराचे. मीही तेच म्हणत होती. मंग जत्रेच्या दिवशी हे बाहेर गेले अन् मी कॅमेऱ्यातून माह्या बहिणीले पाठवायले एक फोटो शोधून राहिली होती, तं हा निघाला. टोपी तीच, केक तोच. अन् डोळा असा. एक नाही जी. सहा महिन्याचा होता, उष्टावणाच्या दिवशीचा, त्यातही. आजीच्या मांडीवर बसला त्यातही. कॉम्प्युटरवर सगळे साफ केलेले, अन् कॅमेऱ्यात सगळे तसेच.

म्या विचारलं तं म्हणतात, अगं लोकायचे पिंपल काढतो, नवरीच्या कपाळाचा डाग काढतो, तसं तेही काढलं, फोटोतला दोष हाय तो, चांदीच्या कॅमेऱ्याची झाक हाय. गुंडाचं आठवते ना तुले? — असं म्हणले. गुंडाचं मले आठवलं. मले एवढं बरं वाटलं काका, काय सांगू, म्या त्या दिवशी गोड शिरा केला. सासू तं पहिलेपासूनच म्हणत होती, डोळ्यात चांदणी हाय माह्या नातवाच्या, भाग्याचा हाय. तोच डोळा कधी कधी नाकाकडे जाते ना त्याचा, तं तेही म्हणे चांगलंच असते. पण मी त्याच्या चांगल्या डोळ्यावर हात ठेवला — खेळता खेळता, हं, मुद्दाम नाही — तं रडते. हात झटकते. अन् दुसऱ्यावर ठेवला तं काहीच नाही. खेळत राहते. तुम्हीच सांगा, लेकरू हाय, कधी रडते कधी नाही. त्याचं काय धरायचं?

डॉक्टर? दाखवला ना. लस द्यायले नेला होता आमच्या उमरेडच्या दवाखान्यात, तं म्याच म्हटलं, साहेब जरा डोळा पाहा. त्याईनं टॉर्च टाकला. मंग खिडकी लावून घेतली अन् परत टाकला. हासून बोलत होते ते पहिले, साहिलसंग जिभेनं टकटक करून राहिले होते — मंग पेनच घेतला हातात. चिठ्ठी लिहून देल्ली, इथल्या धंतोलीतल्या डोळ्याच्या दवाखान्याचा पत्ता देल्ला, अन् म्हणले आजच जा. आजच — ते दोनदा म्हणले. नऊ दिवस झाले त्याले. ... माहीत हाय जी, माहीत हाय मले. एक दिवस लग्नाचं काम होतं, मंग सासरे म्हणले अमावस्या होऊ द्या, मंग गाडी नव्हती. अन् खरं सांगू का, आमच्या दोघायच्याही मनात होतं का कॅमेऱ्याचीच झाक हाय, उगाच धंतोलीत जाऊन कायले भिऊन यायचं. मी तं रोज यांच्याकडे पाहत होती का हे म्हणतील चला, अन् हे माह्याकडे.

आज आलो ना. सकाळच्या बसनं आलो. हे तिथंच बसले हायेत दवाखान्यात, नंबर लावून — लय मागचा नंबर हाय आमचा, वेळ हाय. म्या म्हटलं दूध पाजून आणते, इथं लय गर्दी हाय. कॅमेरे माह्याच पिशवीत होते, परत जाताना तुमच्याकडे टाकायचे होते साफ करायले. यांना माहीत नाही मी इकडे आली ते. पायीच आली.

आता ऐका, मी काय म्हणते. फ्लॅश एकच हाय, दोन्हीवर तोच लावतात हे. लेकरू तेच. मंग फरक राहिला फक्त अंगाचा — काळं अंग का चांदीचं. हो ना? काळ्यानं काढला अन् डोळा चांगला आला, तं झाक. मंग परत दवाखान्यात जायचंच कशाले? दूध पाजून सरळ बसमध्ये बसते मी. एवढं सोपं हाय. मी यांना म्हटलं, काळ्यानं एक काढून पाहा ना. एकच. तं म्हणतात बॅटरी संपली हाय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, तं म्हणे उजेड नाही. हे उजेड नाही म्हणून राहिले, जो माणूस अमावस्येले बत्तीच्या उजेडात फोटो काढते! मंग काळा त्याईनं अलमारीवर ठेवून देल्ला, माह्या हाताले येणार नाही असा.

हो. म्या काढला. स्टुलावर चढून. दुपारी सासू झोपली होती, खिडकी लावून घेतली, साहिलले गादीवर बसवलं, चमचा वाजवला, त्यानं वर पाह्यलं, अन् दाबलं बटण. पण म्या पाह्यलाच नाही जी तो फोटो. लगेच मिटवून टाकला. ... पाह्यला. थोडासा पाह्यला. ... पण माह्या हातानं काढला म्हून तसा आला असन ना? मले काय येते? मी तं लाइट धरणारी. हात हलला असन, नाही तं चमच्याची झाक पडली असन — स्टीलचाच चमचा होता, म्या नंतर विचार केला, चमचा होता ना समोर! चमच्याचंच होतं ते. म्हून तं तुमच्याकडे आली. तुमचा हात पक्का हाय. हे म्हणतात मारोतराव काकांसारखं कॅमेऱ्यातलं नागपुरात कोणाले समजत नाही. एक काढा. चमचा नको, काही चमकतं नको. माह्या बांगड्याही काढते, हे पाहा, मंगळसूत्र पदराखाली घेतलं. तुमचा चष्मा काढता का? चष्म्याचीही पडू शकते.

असा धरू? बरं. साहिल, इकडे पाह्य बेटा. काकाकडे पाह्य. पाह्य पाह्य, काका काय करून राहिले? अरे बाप्पा, चिमणी हाय त्याच्यात... लाइट बंद केला का दुकानाचा? बरं. पाह्यते हं तो, पाह्यते, दाबा आता —

झाला? आवाज तं आला. मले नका दाखवू. तुम्हीच पाहा अन् सांगा, फक्त झाक होती का नव्हती एवढंच सांगा. मोठा करून पाहून राहिले का? करा, करा मोठा. साहिल, रडू नको, झालं, झालं माह्या सोन्या, आता नाही चमकत... काका? काळा कॅमेरा हाय ना हा, काळ्यात तं नाही ना पडत कोणाची? तुम्ही चष्मा घालून पाहा. चष्म्याशिवाय तुम्हाले बरोबर नाही दिसत असन.

काका, परत परत काय पाहून राहिले जी? डॉक्टरनंही असाच दोनदा टॉर्च टाकला होता.

फोन वाजून राहिला — यांचाच हाय. नंबर आला वाटते. नाही उचलत मी, पहिले तुम्ही सांगा. ... हे काय, कॅमेरे कायले बंद करून राहिले तुम्ही खणात? न्यायचे हायेत मले ते. अन् किल्ली कशाची हाय ही — स्कूटरची? नाही नाही, मी पायी जाईन, इथून जवळच तं हाय, तुमचं दुकान उघडं हाय, गिऱ्हाईक येईन, दुपारचा टाइम हाय तुमचा... काका, शटर काहून ओढून राहिले तुम्ही?

एवढी घाई असते का हो याची?