दोन कॅमेरे आणि सिस्टरचं घड्याळ

भाची: हलू नकोस मावशी, टेबलाला हातसुद्धा लावू नकोस. एक, दोन... झालं! आता तुझ्या डबीने काढ. तीच जागा, तोच दिवा.

मावशी: डबी काय म्हणतेस गं? बारा वर्षं या टेबलावर माझ्याबरोबर राबलाय तो कॅमेरा.

भाची: साबणाच्या वडीएवढा आहे, डबीच म्हणणार. म्हणून तर त्याला रजा द्यायला हा नवा आणला. माझ्या पहिल्या पगारातून, खास तुझ्यासाठी. आणि तू तीन दिवस खोकंसुद्धा उघडलं नाहीस!

मावशी: एवढा ढोल्या! पुढे ती नळी. मी घड्याळं दुरुस्त करते बाई, लग्नातले फोटो काढत नाही.

भाची: म्हणून तर स्पर्धा. परीक्षेचा विषय हा तुझा चौकटींचा कागद. यावर मांडलेल्या अठरा स्क्रूंचा फोटो दोघांनी काढायचा. ज्याचा स्पष्ट, तो जिंकला.

मावशी: धक्का लावू नकोस हं कागदाला. घड्याळातून जो स्क्रू जिथून निघतो, तो कागदावर त्याच जागी ठेवते मी. मग फोटो. जोडताना त्या फोटोत बघून एकेक परत लावायचा. एक जरी घरंगळला तरी घोटाळा.

भाची: माहीत आहे गं, लहानपणापासून बघतेय. काढलास? दाखव. आता दोन्ही शेजारी ठेवू... अरे!

मावशी: काय झालं?

भाची: नव्यात मधला स्क्रू काय सुंदर आलाय! त्याची खाच बघ, खाचेतला ओरखडा बघ. पण कडेचे सगळे धुरकट.

मावशी: आणि माझ्या डबीत?

भाची: अठराच्या अठरा स्पष्ट. शिवाय तू दोन बोटांवरून काढलास, नवा वीतभर लांबच राहतो, त्याहून जवळ गेलं की त्याला दिसेनासं होतं. बरोबर आहे, त्याच्या आतला चित्र टिपणारा पडदा मोठा, म्हणून स्पष्ट दिसणारा थर पातळ, जरा तिरका धरला की कडा धुरकट. डबीचा पडदा नखाएवढा, म्हणून तिला जवळचं-लांबचं एकदम दिसतं. मावशी, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आज समोर दिसलं! काय मजा आहे!

मावशी: थोडक्यात, तुझा पाहुणा हरला. आणि खूश तूच होतेस.

भाची: एक-शून्य. दुसरी फेरी—

मावशी: आता पुरे. पाच वाजता दवाखान्यातल्या सिस्टर येतील. हे त्यांचंच घड्याळ जोडायचंय आणि चिठ्ठी लिहायचीय.

भाची: कसली चिठ्ठी?

मावशी: ‘दुरुस्त होत नाही.’

भाची: तू लिहिणार? तुझ्या दुकानातून एकही घड्याळ तसं परत गेलेलं नाही!

मावशी: एकतीस वर्षांत नाही. हे पहिलं, आणि हेच शेवटचं. उद्यापासून सेल बदलायचे आणि पट्टे लावायचे. किल्लीचं घड्याळ घेणार नाही मी.

भाची: काहीतरीच काय!

मावशी: एकच घड्याळ तीन वेळा परत आलं. तीन वेळा उघडलं, धुतलं, तेल दिलं. मला काही सापडत नाही. म्हणजे दोष घड्याळात नाही, माझ्या डोळ्यात आहे. उगाच कुणाचं वाटोळं करण्यापेक्षा आपणहून थांबलेलं बरं.

भाची: थांब. रडगाणं नंतर. ते बंद नेमकं कधी पडतं?

मावशी: इथे पडतच नाही! तीन-तीन दिवस टेबलावर चालवून बघितलं, मिनिटाचाही फरक नाही. सिस्टरनी अंगावर लावलं की दुपारपर्यंत ठप्प. त्या म्हणतात, माझ्याच अंगात वीज असेल.

भाची: तुझं टेबल आणि सिस्टर, यांच्यात फरक काय?

मावशी: टेबल रुग्णांवर ओरडत नाही.

भाची: मावशी!

मावशी: बरं बरं. त्या चालतात, टेबल चालत नाही. टेबलावर घड्याळ आडवं असतं. त्यांच्या खिशावर ते लटकतं, तेही उलटं. बाराचा आकडा खाली, म्हणजे मान वाकवली की त्यांना सुलट दिसतं.

भाची: उलटं लटकवून तपासलंस?

मावशी: मला शिकवतेस का? तपासलं की, झाकण लावून, कानाशी धरून. टिकटिक ठीक होती.

भाची: पण उलटं असताना आत काय होतं ते बघितलंस?

मावशी: काय बघणार? टिकटिक करणारं बॅलन्सचं चाक सेकंदाला पाच वेळा इकडून तिकडे जातं. डोळ्याला नुसती चमक दिसते.

भाची: सेकंदाला पाच! आणि नवा सेकंदाला एकशेवीस चित्रं घेतो. म्हणजे एका टिकटिकीची चोवीस चित्रं! मावशी, घड्याळ जोड. नेहमीसारखं जोड, डबीतल्या फोटोत बघून. मागचं झाकण तेवढं उघडं ठेव.

मावशी: अगं, पण सिस्टर—

भाची: अजून दीड तास आहे. जोड ना गं!

(अर्ध्या तासाने.)

मावशी: घे, लटकवलं खिडकीच्या पडद्याला. पडद्याला कशाला पण? माझ्या एप्रनला लावलं असतं.

भाची: तू श्वास घेतेस.

मावशी: तेवढी एक खोड आहे मला.

भाची: आणि टेबलापाशी तुझी ट्यूबलाइट लुकलुकत होती. आपल्याला कळत नाही, पण या वेगाने काढलं की काळे पट्टेच पट्टे. उजेड उन्हाचाच हवा. आता एकच अडचण. वीतभरावरून चाक मोहरीएवढं दिसतंय. तुझं डोळ्याला लावायचं भिंग दे.

मावशी: ते मी कुणाला देत नाही.

भाची: दे गं! नव्याच्या नळीपुढे धरते. त्याला चष्मा लागलाय असं समज.

मावशी: ...काचेला बोट लावू नकोस. कडेने धर.

भाची: आई गं! बघ, बघ! भोवती काळं वर्तुळ आणि मधोमध चाक, बशीएवढं! श्वास रोखून धर, मी दहा सेकंद घेते... झालं. आता सावकाश लावते. दिसतंय?

मावशी: अगंबाई. हे माझं चाक? एकतीस वर्षं रोज बघतेय, असं कधी दिसलं नव्हतं. किती डौलात जातंय. झोपाळ्यासारखं... थांब. मागे घे.

भाची: कुठे?

मावशी: अजून मागे. इथे. आता एकेक चित्र पुढे कर. बघ, चाक आलं, आलं, आणि इथे कचरलं. पुन्हा लाव. पुन्हा! दर वेळी तिथेच. कशाला तरी घासतंय ते!

भाची: कडेला ते काय चकाकतंय?

मावशी: स्क्रूचं डोकं. पण ते एवढं वर कसं? ते चाकाशेजारच्या पट्टीत बुडलेलं असायला हवं, पट्टीच्या सपाटीला.

भाची: नीट आवळला नसेल.

मावशी: मी? आवळलाय चांगला. तळाला टेकलाय तो, आणखी पिळला तर मुंडी तुटून हातात येईल.

भाची: तळाला टेकला, तरी डोकं वर. म्हणजे तो त्या भोकापेक्षा लांब आहे! घड्याळ आडवं असतं तेव्हा चाक बरोबर मधे असतं, वाचतं. उलटं लटकवलं की केसभर खाली सरकतं आणि त्या डोक्याला घासतं. बाराच्या बाजूलाच आहे ना तो स्क्रू?

मावशी: बाराच्याच बाजूला. पण कसं शक्य आहे? तो तिथलाच आहे. फोटोत बघून लावला, तुझ्यासमोर.

भाची: फोटो कधीचा?

मावशी: आजचाच. सकाळी स्क्रू तिथूनच निघाला होता.

भाची: आणि त्याआधी तिथे कुठल्या फोटोत बघून लावला होतास?

मावशी: मागच्या महिन्यातल्या.

भाची: आणि त्या वेळी?

मावशी: त्याच्या आधीच्या... अगं बाई गं.

भाची: कळलं ना? एकदा कधीतरी चुकलं, आणि त्यानंतरचा प्रत्येक फोटो ती चूक जपून ठेवतोय! तू इतकी काटेकोर आहेस ना, की चूकसुद्धा काटेकोरपणे जागेवर लावतेस. या घड्याळाचा सगळ्यात पहिला फोटो आहे?

मावशी: पाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलं होतं. कॅमेऱ्याची जुनी कार्डं सुयांच्या डब्यात आहेत, तिसऱ्या खणात. हळू! खण अंगावर घेशील.

भाची: सापडला. तुझ्या अक्षरातली चिठ्ठीसुद्धा फोटोत आहे, ‘सिस्टर, लटकतं’. शाब्बास डबी! कडेचे स्क्रूसुद्धा सुईसारखे स्पष्ट. नव्याने काढला असता तर हेच धुरकट आले असते. लॅपटॉपवर आडव्या स्क्रूंची लांबी मोजते. कागदाची एक चौकट एक मिलिमीटर, म्हणजे बासष्ट ठिपके. या पट्टीचे स्क्रू दोनच ना?

मावशी: दोन. एक बाराच्या बाजूला, एक खालच्या कोपऱ्यात. जुळे आहेत दोघं, डोकी अगदी सारखी.

भाची: पाच वर्षांपूर्वी बाराच्या बाजूचा एक्क्याऐंशी ठिपके. कोपऱ्यातला अठ्ठ्याण्णव. आता आजचा फोटो. बाराच्या बाजूचा... मावशी, हा तू वाच.

मावशी: सत्त्याण्णव. कोपऱ्यातला ब्याऐंशी.

भाची: अदलाबदल!

मावशी: अदलाबदल! पाव मिलिमीटर! कागदावर दोघं दोन टोकांना, कधी शेजारी ठेवलेच नाहीत मी. अगं, नाचतेस काय, टेबल हलतंय! ...हल, हलू दे. डोळा नाही गेला माझा! डोळ्याने बघितलं ते बरोबरच होतं, कागदच चुकला होता!

भाची: एक-एक करून टाकू गुण?

मावशी: गुण राहू देत, चिमटा दे. पावणेपाच होतायत. आधी हा लांब्या बाहेर... आता हा धाकटा इथे. बुडलं बघ डोकं, पाण्यात गेल्यासारखं. लटकव परत पडद्याला. घे ते भिंग, धर कसंही.

भाची: घेते... आता बघ. कचरतंय?

मावशी: नाही. जाऊ दे पुढे. नाहीच. किती सरळ जातंय.

भाची: पण हे घडलं कधी? क्रमाने बघू. पाच वर्षांपूर्वी बरोबर. मग गेल्या वर्षीची साफसफाई, ठिपके... चुकीचे. म्हणजे तेव्हाच. चौदा जून, सकाळी सव्वाअकरा. थांब. चौदा जून?

मावशी: हं.

भाची: मावशी, चौदा जूनला माझा निकाल लागला. अकरा वाजता मी पहिला फोन तुलाच केला होता.

मावशी: हो ना. स्क्रू मांडून झाले होते, फोटो काढायचा राहिला होता. तुझा आवाज ऐकला आणि उठले ताडकन. एप्रन अडकला, कागद तिरका झाला. सगळे गोळा करून पुन्हा मांडले. सोळांची जागा डोकं बघूनच कळली. हे दोन जुळे अंदाजाने ठेवले. मग काढला फोटो.

भाची: आणि मला म्हणालीस, ‘ठीक आहे, कामात आहे, संध्याकाळी बोलू.’

मावशी: दोन स्क्रू टेबलाखाली होते, काय बोलणार! ...या सिस्टर, या. पायरी सांभाळून.

सिस्टर: झालं का हो? नसेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही. मी आपली भिंतीवरच्या घड्याळात बघून नाडी मोजते.

मावशी: झालंय. पण आधी सांगते. चूक घड्याळाची नव्हती, तुमच्या अंगातल्या विजेचीही नव्हती. माझी होती. गेल्या वर्षी दोन स्क्रूंची अदलाबदल केली मी, आणि तीन वेळा तीच चूक परत लावली.

सिस्टर: हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.

मावशी: मला कळलं असतं.

भाची: सिस्टर, बघा ना, चाक कसं घासत होतं! हे आधीचं, हे आत्ताचं. आणि हे ठिपके—

सिस्टर: ही कोण?

मावशी: माझी भाची. चूक हिच्यामुळे झाली आणि हिनेच शोधली.

भाची: फोनवर निकाल सांगितला होता मी फक्त!

सिस्टर: पहिली आली होतीस?

भाची: दुसरी.

सिस्टर: मग दोन स्क्रू ठीक आहेत. द्या इकडे, लावते. अशी उभी राहते पाच मिनिटं. तिथे वॉर्डात सहा जण माझी वाट बघतायत, पण बघू देत. ...चालतंय हो. लटकून चालतंय! जाऊ मी? उद्या दुपारी फोन करते.

मावशी: दुपारीच करा. बंद पडलं तरी आणि चाललं तरी.

भाची: गेल्या. मावशी, मग उद्यापासून सेल आणि पट्टे?

मावशी: तो डावीकडचा खण उघड. किल्लीची चार पडलीत, आठवड्यापासून हात लावला नाही. आणि खोक्यातून त्या ढोल्याचा पट्टा काढ, गळ्यात अडकवते. कागदाला डबी, चाकाला नवा.

भाची: आणि ते गेल्या वर्षीपासूनचे चुकीचे फोटो? पुसून टाकू? नाहीतर परत त्यात बघून जोडशील.

मावशी: मागचे तिन्ही पुस. चौदा जूनचा राहू दे.

भाची: तो तर सगळ्यात चुकीचा! सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

मावशी: असू दे. तुझ्या निकालाच्या दिवसाचा माझ्याकडे तेवढाच फोटो आहे.